फिलिपिन्सचे स्वातंत्र्य आयते होते काय?

पायवाट

गेल्या आठवड्यात ‘स्पष्टवक्ता’ यांनी फिलिपिन्सवर एक लेख लिहिला. त्याचा मथितार्थ असा, की १८९६ ते १८९८ या काळात तिथल्या क्रांतिकारकांनी स्पॅनिश फौजेशी किरकोळ झटापटी केल्या, त्यांतल्या बऱ्याचशा हरल्या, मग पैसे घेऊन हाँगकाँग गाठले, आणि पुढे अमेरिकी आरमाराने मनिलाच्या उपसागरात स्पेनची जहाजे बुडवल्यावर ‘आयत्या’ स्वातंत्र्याची घोषणा करून टाकली. लेखाखाली ‘डोळे उघडले’ छापाचे प्रतिसाद पाहून गप्प बसवेना, म्हणून हे उत्तर.

सुरुवात फसली, यात वाद नाही. १९ ऑगस्ट १८९६ रोजी छापखान्यातल्या एका कामगाराकरवी कातिपुनान या क्रांतिकारकांच्या गुप्त संघटनेची बातमी मनिलातल्या तोंदो भागाच्या पाद्र्यापर्यंत पोचली, धरपकड सुरू झाली आणि उठाव अर्ध्या तयारीनिशी करावा लागला. ३० ऑगस्टला संघटनेचे पुढारी बोनिफासिओ आणि हासिंतो सान हुआन देल मोन्तेच्या दारूकोठारावर चालून गेले, तेव्हा बहुतेकांच्या हातांत कोयते आणि बांबूचे भाले होते. कुमक आल्यावर त्यांची दाणादाण उडाली आणि दीडशेच्या आसपास माणसे मारली गेली. स्पष्टवक्ता यांचा लेख इथे मनसोक्त रेंगाळतो आणि मनिलाच्या दक्षिणेला लागून असलेल्या काविते प्रांताकडे मात्र ढुंकूनही पाहत नाही.

काविते हा मठांच्या जमिनींचा प्रांत होता. इमूसची जहागीर रेकोलेक्त पंथाच्या पाद्र्यांकडे होती. म्हणजे जो खंड वसूल करणार तोच रविवारी प्रवचन देणार. तिथे सप्टेंबरच्या पहिल्या तीन दिवसांत काय झाले ते पाहा. बाकोर गावी मार खाऊन कावितेतल्या क्रांतिकारकांचा म्होरक्या आगिनाल्दो इमूसला मागे आला आणि नदीवरच्या दगडी पुलाचे आपल्या बाजूचे टोक त्याने तोडून टाकले. त्यामागे खंदक खणून माणसे बसवली, स्वतः एक टोळी घेऊन भाताच्या खाचरांतून वळसा घातला. जनरल आगिरेची तुकडी पुलावर शिरली, पुढे वाट नाही आणि मागून हल्ला, अशी सापडली. आगिरे निसटला, पण त्याची तलवार तिथेच राहिली. तोलेदोत घडवलेली, पात्यावर १८६९ साल असलेली ती तलवार आगिनाल्दोने पुढे स्वतः वापरली.

नोव्हेंबरच्या ९ ते ११ तारखांना तर गव्हर्नर-जनरल ब्लांको स्वतः मैदानात उतरला. युद्धनौकांच्या तोफा उपसागरातून मारा करत होत्या आणि बिनाकायान व दालाहिकान या दोन्ही बाजूंनी फौज पुढे सरकत होती. बेल्जियममधल्या घेंट येथे स्थापत्यशास्त्र शिकून आलेल्या एदिल्बेर्तो इव्हानहेलिस्ताने आखलेल्या खंदकांपुढे दोन्ही बाजूंचे हल्ले मोडले. क्रांतिकारकांचा सेनानी कांदिदो तिरोना कामी आला, पण प्रांत क्रांतिकारकांच्या हाती राहिला. महिन्याभरात ब्लांकोला परत बोलावून पोलाव्येहाला बसवण्यात आले. किरकोळ झटापटींपायी गव्हर्नर-जनरल बदलत नसतात.

१८९८ सालचेही पाहू. १ मे रोजी अमेरिकी आरमाराचा सेनापती ड्यूई याने स्पेनची जहाजे बुडवली खरी, पण त्याच्याकडे जमिनीवर उतरवायला फौज नव्हती. ती यायला जूनअखेर उजाडले. तोवर लुझॉन या मुख्य बेटावरची स्पॅनिश ठाणी एकामागून एक कोणी घेतली? मनिलाचे पाणी कोणी तोडले? शहराभोवती खंदक कोणी खणले? या प्रश्नांची उत्तरे लेखात नाहीत.

स्पष्टवक्ता

उत्तर सविस्तर आहे, पण वकिली आहे. आपल्याला सोयीची तीन दृश्ये उजेडात आणायची आणि पुढचा अंक सुरू होण्याआधी पडदा पाडायचा, असा हा प्रकार झाला.

इमूसला पळवली ती घाईघाईने जमवलेली छोटी तुकडी होती, कारण स्पेनची बरीचशी फौज तेव्हा दक्षिणेच्या मिंदानाओ बेटावर अडकली होती. युरोपातून कुमक आल्यावर काय झाले? स्पॅनिश जनरल लाचाम्ब्रेने सुमारे नऊ हजार माणसे घेऊन १९ फेब्रुवारी १८९७ ला सिलांग घेतले, मग दास्मारिन्यास, मग सालित्रान, आणि २५ मार्चला आपले लाडके इमूसही. मे महिन्यापर्यंत आगिनाल्दो काविते सोडून बुलाकानच्या डोंगरात गेला होता. डिसेंबरात तिथल्या बियाक-ना-बातोला स्पेनशी तहाचा करार झाला, चार लाख पेसो हातात पडले आणि मंडळी बोटीत बसली. जे जिंकतात त्यांना पैसे घेऊन देश सोडावा लागत नाही. एवढ्या साध्या गोष्टीला आपण तलवारीच्या पात्यावरचे साल सांगून उत्तर देता आहात.

पायवाट

जे हरले त्यांना विजेता आठ लाख पेसो कबूल करत नाही, हीदेखील तेवढीच साधी गोष्ट आहे. त्यातले चार लाख प्रत्यक्ष दिले गेले. का दिले? क्यूबात १८९५ पासून युद्ध पेटले होते, तिथे स्पेनचे दोन लाखांच्या आसपास सैन्य गुंतले होते आणि तिजोरी रिकामी होती. तेव्हाचा गव्हर्नर-जनरल प्रिमो दे रिव्हेरा याने पुढे स्वतःच सांगितले आहे, की बियाक-ना-बातो घेणे कोणत्याही सेनानीला जमले असते, पण त्यामुळे बंड मिटले असते याची हमी त्याला देता आली नसती. पैसे पोचल्यावरही मध्य लुझॉनमध्ये हल्ले थांबले नाहीत, आणि ३ एप्रिल १८९८ ला, म्हणजे ड्यूई मनिलाला पोचण्याच्या आधी, सेबू शहरात क्रांतिकारक लेओन किलातच्या लोकांनी उठाव करून स्पॅनिशांना किल्ल्यात कोंडले.

आणि ते पैसे आगिनाल्दोने हाँगकाँगच्या बँकेत ठेवले होते. पुढे त्यांतूनच शस्त्रे घेतली गेली.

मांडवीतीर

दोघेही ‘स्पॅनिश फौज’ असे म्हणता आहात, तेव्हा एक गोष्ट नजरेआड होते. उठाव सुरू झाला त्या दिवशी बेटांवरच्या त्या फौजेत युरोपीय थोडे आणि स्थानिकच जास्त होते. त्यांच्याच जिवावर राज्य चालले होते आणि त्यांचीच सरकारला धास्तीही होती. १८७२ च्या जानेवारीत कावितेच्याच सान फेलिपे किल्ल्यात दोनशेच्या आसपास स्थानिक शिपाई व कामगारांनी बंड केले होते, कारण त्यांची कर आणि वेठबिगारीतली जुनी सूट काढून घेतली गेली. त्या बंडाचे निमित्त करून सरकारने तीन स्थानिक पाद्र्यांना गळफास दिला आणि फिलिपिनी कादंबरीकार रिझालची पिढी त्या फासाच्या सावलीत वाढली. त्याने आपली दुसरी कादंबरी त्या तिघांनाच अर्पण केली आहे.

हे मी सांगतो याचे कारण आमच्या गोव्यात जवळजवळ हेच घडले. १८९५ च्या सप्टेंबरात मराठा शिपायांना मोझांबिकला जाण्याचा हुकूम झाला, ते बिथरले आणि सत्तरीत गेले, दादा राणे त्यांना मिळाले. ते मोडण्यासाठी पोर्तुगालच्या राजाने आपल्या भावाला फौज देऊन पाठवले होते. माझ्या आजीच्या माहेरच्या घरात त्या काळच्या गोष्टी सांगत असत, त्यांत पळालेल्या शिपायांना रात्री तांदूळ पोचवणाऱ्या बायका असत. आज गोव्याचा इतिहास लिहिताना १९६१ पासून सुरुवात करतात आणि त्याआधीच्या चारशे वर्षांना एक परिच्छेद देतात. स्पष्टवक्ता, आपण फिलिपिन्सच्या बाबतीत तेच केले आहे, म्हणून मला राग आला.

चांदणचुरा

धाग्यात आगिनाल्दोचे नाव इतक्या वेळा आले, पण त्याने बोनिफासिओला मारवले हे वाक्य अजून कोणाच्या लेखणीतून उतरलेले नाही. आश्चर्य वाटते.

२२ मार्च १८९७ रोजी, लाचाम्ब्रे दारात आलेला असताना, कावितेच्या मंडळींनी तेहेरोसला क्रांतिकारकांच्या सरकारसाठी निवडणूक घेतली. आगिनाल्दो सभेत नव्हता, रणांगणावर होता, तरी अध्यक्षपदी तोच निवडला गेला. ज्याने कातिपुनान उभी केली त्याला अंतर्गत कारभाराचे खाते दिले, आणि त्यावरही दानिएल तिरोनाने उठून हरकत घेतली, की या पदाला वकिलीची पदवी असलेला माणूस हवा. काठ्या आणि कागदी पंखे विकून भावंडांना वाढवलेल्या माणसाला भर सभेत हे ऐकावे लागले! बोनिफासिओने पिस्तूल उपसले, रिकार्तेने त्याचा हात धरला, म्हणून पुढचे टळले. एप्रिलअखेर इंदांगजवळ लिंबोनला त्याला पकडताना भाऊ सिरिआको मारला गेला, तो स्वतः जबर जखमी झाला, आणि १० मे रोजी मारागोंदोनच्या डोंगरात त्याला आणि दुसरा भाऊ प्रोकोपिओला गोळ्या घातल्या. बोनिफासिओची बायको ग्रेगोरिया दे हेसूस नवऱ्याचे प्रेत शोधत कित्येक दिवस त्या डोंगरात हिंडली.

सुरुवात करणाऱ्याला संपवून मग शत्रूशी करार करणाऱ्या माणसाची तलवार तुम्ही कौतुकाने दाखवता आहात, पायवाट.

स्पष्टवक्ता

चांदणचुरा यांचे मनःपूर्वक आभार. जे मला सांगायचे होते ते त्यांनी अधिक चांगल्या भाषेत सांगितले. शत्रू इमूसला वेढत असताना जी मंडळी खातेवाटप करत बसली, त्यांना स्वातंत्र्य मिळाले ते अमेरिकेच्या कृपेने.

चांदणचुरा

माझ्या खांद्यावर बंदूक ठेवू नका. मी आगिनाल्दोविरुद्ध लिहिले, लढणाऱ्यांविरुद्ध नव्हे. तेहेरोसच्या सभेच्या दुसऱ्या दिवसापासून पासोंग सांतोलला आगिनाल्दोचाच भाऊ क्रिस्पुलो लढत होता आणि तिथेच मेला. माझा राग एका माणसावर आहे, तुमचा तुच्छतावाद सगळ्या देशावर आहे.

पायवाट

बोनिफासिओच्या वधाचे समर्थन मी करत नाही आणि करणारही नाही. आगिनाल्दोने बोनिफासिओची देहदंडाची शिक्षा आधी हद्दपारीवर आणली होती आणि नोरिएल व पिओ देल पिलार या आपल्या सेनानींच्या आग्रहाने आपला हुकूम मागे घेतला, हे नोंदवून ठेवतो. पण लष्करीदृष्ट्या बोनिफासिओच्या नावावर एकही मोठा विजय नाही, हेही लिहायला हवे. कावितेची माणसे त्याच्या मागे का गेली नाहीत, याचे निम्मे उत्तर त्यात आहे.

चांदणचुरा

म्हणजे हरणाऱ्याला गोळ्या घालणे समजून घेण्यासारखे आहे! मग मे १८९७ मध्ये आगिनाल्दोच्या हातात तरी कोणते गाव उरले होते? इमूस गेले, नाईक गेले, मारागोंदोनही गेले. तुमच्याच निकषाने त्याचे काय करायला हवे होते ते सांगा. आणि मनिलाच्या वेशीवर लढणाऱ्याला राजधानीची सगळी शिबंदी तोंडावर घ्यावी लागत होती, इमूसला मागे भाताची खाचरे होती, हा फरक तुमच्या ‘लष्करी दृष्टी’ला दिसू नये?

खलाशी

वाचनमात्र होतो, पण हा वाद मी जहाजाच्या मेस रूममध्ये ऐकलेला आहे, म्हणून लिहितो. माझी नोकरीची बहुतेक वर्षे इंजिनरूममध्ये गेली आणि जवळजवळ प्रत्येक जहाजावर निम्म्याहून जास्त खलाशी फिलिपिनी असत. एका जहाजावर बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, तोंदोचा होता आणि कुक कावितमधला, म्हणजे आगिनाल्दोच्या गावचा. ३० नोव्हेंबरला त्यांच्याकडे बोनिफासिओच्या जयंतीची राष्ट्रीय सुट्टी असते. त्या दिवशी बोसनने जेवणाआधी उभे राहून दोन शब्द बोलायला सुरुवात केली. कुकने आतून भांडी एवढ्या जोरात आपटायला घेतली, की चीफ ऑफिसरला उठून जावे लागले. नंतर कुक मला म्हणाला, की आमच्या गावाने घरातली माणसे दिली, शेते जाळून घेतली आणि शाळेत आम्हांला खुन्याच्या गावची मुले म्हणतात. बोसनचे म्हणणे एकच होते, की आमच्याकडे मोठ्या घरातली माणसे गरिबाला पुढे करतात आणि पद वाटायची वेळ आली की त्याची डिग्री विचारतात, तेव्हाही आणि आजही.

दोघेही नंतर तासभर एकाच पंपावर काम करत होते. पण ‘अमेरिकेने दिले’ हे वाक्य मी त्या दोघांपैकी एकाकडूनही कधी ऐकले नाही. स्पष्टवक्ता यांनी ते मेस रूममध्ये उच्चारले असते, तर त्या दोघांची युती झाली असती.

निवृत्त मास्तर

सर्वांस नमस्कार. मी इतिहास शिकवण्यात उभी हयात घालवली. आमच्या पाठ्यपुस्तकांत फ्रेंच राज्यक्रांतीची तारीखवार माहिती होती, पण आशियातल्या पहिल्या प्रजासत्ताकांपैकी एक मालोलोसला जानेवारी १८९९ मध्ये उभे राहिले, याचा उल्लेखही नव्हता. मी तो फळ्यावर लिहिला, तेव्हा तपासणीस साहेबांनी ‘अभ्यासक्रमाबाहेरचे’ असा शेरा मारला. त्याचे दुःख अजून आहे.

मूळ विषयाकडे येतो. थोड्या माणसांनी डोंगराच्या आधाराने बलाढ्य सत्तेला जेरीस आणणे आपल्याला नवीन नाही. काविते प्रांतात जे झाले तो गनिमी कावाच होता आणि आपल्या वाचकांनी त्याचा अभिमान बाळगावा.

पायवाट

मास्तर, शेऱ्याबद्दल मीही आपल्या बाजूने आहे, पण गनिमी कावा इथे लागू पडत नाही, आणि नेमके तेच कावितेचे दुखणे होते. इमूसच्या वळशाचा एक प्रसंग सोडला, तर क्रांतिकारकांनी तिथे मैदानी प्रदेशात गावे धरून ठेवली, खंदक खणले आणि सरळ सामना दिला. सापोते नदीच्या पुलावर १७ फेब्रुवारी १८९७ ला स्पॅनिशांना त्यांनी अडवलेही, पण इव्हानहेलिस्ता तिथेच पडला. तोवर लाचाम्ब्रे सिलांगच्या बाजूने आत शिरत होता, आणि समोरासमोरचा हल्ला थोपवण्यासाठी बांधलेल्या खंदकांना बगलेकडून आलेल्या फौजेचा उपाय नव्हता. गाव सोडून डोंगरात जाण्याचा निर्णय प्रांत हातचा गेल्यावर झाला. तो आधी झाला असता, तर पोलाव्येहाच्या फौजेला उन्हाळ्यात आणि तापाच्या साथीत दमवता आले असते. आपल्याकडचा शब्द चिकटवून अभिमान बाळगला, की ही चूक दिसेनाशी होते.

निवृत्त मास्तर

आपण मला शिकवता आहात, हे लक्षात आले. असो. घरे, शेते, देवळे सोडून डोंगरात जा म्हणणे धाग्यावर सोपे असते. ज्यांनी पाद्र्यांच्या जमिनी नुकत्याच आपल्या म्हणून नांगरल्या होत्या, त्यांनी त्या एका सहीसरशी सोडायच्या होत्या काय? लोक त्या जमिनींसाठीच उठले होते.

मांडवीतीर

मास्तरांच्या या एका वाक्यासाठी त्यांचा गनिमी कावा माफ.

स्पष्टवक्ता

इतिहासाचे मास्तर, मेस रूममधले बोसन आणि सत्तरीच्या आजी यांनी मला चहूबाजूंनी वेढले आहे, तरी एक प्रश्न विचारतो. लुझॉनच्या पूर्व किनाऱ्यावरच्या बालेर गावच्या चर्चमध्ये जून १८९८ च्या अखेरीस पन्नासेक स्पॅनिश सैनिकांनी स्वतःला कोंडून घेतले. बेरीबेरीने कप्तान गेला, अन्न किडले, तरी ते २ जून १८९९ पर्यंत तग धरून राहिले. ३३७ दिवस! ज्या सैन्याला एक चर्च अकरा महिन्यांत घेता आले नाही, त्याने स्पेनला हरवले, हे मी कसे मानू?

पायवाट

बालेर लक्षात राहिले याचे कारण ते एकटे उरले होते. बाकीची ठाणी शरण गेली होती आणि हजारो स्पॅनिश कैदी फिलिपिनींच्या ताब्यात होते. बालेरमधल्यांना युद्ध संपल्याचे वारंवार कळवण्यात आले, वर्तमानपत्रे पाठवली गेली, आणि लेफ्टनंट मार्तिन सेरेसो ती बनावट समजत राहिला. शेवटी एका अंकात त्याला ओळखीच्या अधिकाऱ्याच्या मालागाला झालेल्या बदलीची चार ओळींची बातमी दिसली. ती बदली मागणार असल्याचे फक्त जवळच्यांना ठाऊक होते, तेव्हा कुठे त्याचा विश्वास बसला. ३० जून १८९९ च्या फर्मानात आगिनाल्दोने त्यांना कैदी न मानता मित्र म्हणून जाऊ देण्याची आज्ञा दिली, आणि आज ३० जून हा तिथे स्पेनशी मैत्रीचा दिवस म्हणून पाळला जातो.

तुमच्या सिद्धांताची खरी परीक्षा १३ ऑगस्ट १८९८ ला आहे. त्या दिवशी मनिलात जी ‘लढाई’ झाली ती ड्यूई आणि मनिलाचा स्पॅनिश गव्हर्नर हाउदेनेस यांनी बेल्जियमच्या वाणिज्यदूतामार्फत आधीच ठरवलेली होती. थोडा गोळीबार करायचा, स्पेनची अब्रू राखायची, शहर अमेरिकनांच्या हवाली करायचे, आणि अट अशी की फिलिपिनी सैनिक तटाच्या आत येता कामा नयेत. ज्यांनी अडीच महिने वेढा घातला त्यांनाच बाहेर ठेवण्यासाठी दोन शत्रूंनी नाटक रचले. किरकोळ झटापटी करणाऱ्यांची एवढी भीती कशाला?

खलाशी

हे तोंदोच्या बोसनलाही पाठ होते. त्याच्या मते बोनिफासिओ असता तर अमेरिकनांवर विश्वासच ठेवला नसता. कुकने त्यावर काय म्हटले ते इथे लिहिण्यासारखे नाही.

चांदणचुरा

बोसनला माझा नमस्कार कळवा. आणि पायवाट, मबिनीसारख्या आगिनाल्दोच्या स्वतःच्या सल्लागारानेही बोनिफासिओच्या वधाला क्रांतीवरचा घाव मानले, याचे उत्तर तुम्ही अजून दिलेले नाही.

पायवाट

मबिनीशी मी वाद घालणार नाही. तो त्या वर्तुळात पुढच्या वर्षी आला, तरी त्याचा निवाडा टिकणारा आहे. एवढेच, की तोच मबिनी १८९८ च्या वेढ्याला ‘आयते’ म्हणत नाही.

स्पष्टवक्ता

ठीक आहे. ‘आयते’ हे विशेषण मी लेखातून काढतो, म्हणजे निदान खलाशीबुवांचा कुक शांत होईल. वेढा त्यांनी घातला आणि शहर दुसऱ्याने घेतले, इथपर्यंत येतो, त्यापुढे एक पाऊलही नाही. मात्र बँकेतल्या चार लाखांचे आपण फार पावित्र्याने वर्णन केलेत. त्याच पैशातला वाटा मागत आर्ताचो या त्याच्याच सहकाऱ्याने हाँगकाँगच्या न्यायालयात आगिनाल्दोवर दावा लावला आणि स्वारी एप्रिल १८९८ मध्ये सिंगापूरला निघून गेली, हे आपल्या सविस्तर उत्तरात कसे सुटले? त्यावर वेगळा धागा काढा, मी पहिला प्रतिसाद देतो.